सून कशी आहे, पोलिसाने विचारलं

माझं माहेर अमळनेरकडचं. शाळा चौथीपर्यंत, पुढे आई म्हणाली बस झालं, बकऱ्या कोण पाहील. लग्न करून इथे सुरतला, गोडादऱ्यात आले, नवरा संच्यावर, म्हणजे मागावर कापड विणायला, आणि मी घरी बसून साड्यांचे धागे कापायची, डोळे त्यातच गेले. नवराही गेला. मुलगा आहे, उखर्डू. शाळेत त्याचं नाव संतोष आहे, पण आधीची दोन लेकरं वाचली नाहीत म्हणून याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर लोळवला आणि उखर्डू म्हटलं, म्हणजे कोणाची नजर जाणार नाही. आमच्याकडे असंच. माझी आई मला काळुंद्री म्हणायची, मी काही एवढी काळी नाही, तुम्ही बघताच आहात. आपलं माणूस चांगलं आहे असं परक्यासमोर बोलायचं नाही, एवढं एकच आईने शिकवलं, बाकी रट्टे दिले.

तर सून, वैशाली. तिचा जन्म इथलाच, सुरतचा, गुजराती फाडफाड बोलते. आधी माझ्यासारखी धागे कापायची, मग कुठल्या तरी क्लासला गेली आणि कॅमेरे बसवायला लागली, दुकानात, सोसायटीत, भिंतीला भोक पाडायचं, वायर ओढायची, कॅमेरा लावायचा. एका शेठच्या हाताखाली करायची. मग कामरेजला मुलींचं होस्टेल आहे, तिथल्या बाई म्हणाल्या, आम्हाला आत पुरुष नको, तूच ये, पण परवाना तुझ्या नावावर पाहिजे, शेठच्या नाही. झालं, तेव्हापासून घरात उठता परवाना, बसता परवाना.

काय सांगू ताई तुम्हाला, मला काही म्हणजे काही कळेना. आधी परीक्षा झाली, ती पास झाली, मला वाटलं मिळाला परवाना. तर नाही. मग फोटो, मग बोटांचे ठसे, आणि मग म्हणे आता पोलीस घरी येईल. मी म्हटलं, चोर पकडायचे कॅमेरे तू लावणार आणि पोलीस आपल्या घरी? ती म्हणाली, आत्या, आमच्याकडे सुना सासूला आत्याच म्हणतात, तर ती म्हणाली, आत्या, लोकांच्या घरात तिजोरी कुठे, मागचं दार कुठे, कॅमेऱ्याला कुठलं दिसत नाही, हे सगळं मला माहीत होतं, मग मी कोण आहे ते सरकारने बघायला नको? हे मला पटलं. पण मग सरकारने तिला बघावं. मला कशाला?

पोलीस आला तो भर दुपारी. वैशाली कामावर, उखर्डू रातपाळी करून झोपलेला, आणि संच्याच्या आवाजाने त्याचे कान गेलेत, तो कसला उठतो. तरणा पोलीस, गुजराती, बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, माजी, वहू केवी छे? म्हणजे आई, सून कशी आहे. आता परका माणूस दारात येऊन सून कशी आहे विचारतो, तेव्हा आपण काय सांगतो? नळावरच्या बायकांना सांगते तेच सांगितलं. कसली सून बाबा, दिवसभर पाय घरात टिकत नाही, लोकांच्या घरी शिड्या चढते. कोणाच्या घरी? मला काय माहीत. येते कधी? तिच्या मनाला येईल तेव्हा. पिशवीत काही आणते? आणते की, भंगार नुसतं. तो लिहीत होता. मला वाटलं, भला माणूस आहे, नजर लावणारा नाही.

मग तिला चौकीतून फोन आला. संध्याकाळी घरी आली ती पायातले बूट न काढता उंबऱ्यावर बसली. आत्या, तुम्ही काय बोललात त्याला? जे बोलले ते सांगितलं. म्हणाली, माझा परवाना अडकला, होस्टेलच्या बाई किती थांबतील, दुसरी कोणी बघतील त्या. मी म्हटलं, अगं नजर लागू नये म्हणून बोलले. ती म्हणाली, मग नळावर बोलता ते? तेही त्याच्यासाठीच. माझ्या बहिणीसमोर बोललात ते? तेही. तिने बूट काढून बाजूला ठेवले. म्हणाली, मी तर इतकी वर्षं ते खरंच धरून बसले होते. आता याला काय म्हणावं? परीक्षा पास झालेली बाई, आणि एवढं कळलं नाही? मुलाला मी अजून उखर्डू म्हणते, तो बसलाय का रडत?

दुसऱ्या दिवशी तिच्यामागे स्कूटरवर बसून चौकीत गेले. तोच पोलीस होता. मी म्हटलं, बाबा, मी बोलले त्याच्या उलटं लिही. तो म्हणाला, माजी, तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय? मी म्हटलं, खोटं मी बोलतच नाही. मग? मग काय, माझंच डोकं फिरलं. त्याने वैशालीला बाहेर बसवलं आणि मला हळूच विचारलं, सून मारते का? दम दिला का तिने? घ्या! वाईट बोलले तर सून वाईट, चांगलं बोलले तर सुनेने मारलं. मग सरकारला खरं सांगायचं तरी कसं?

मला राग आला. मी म्हटलं, माझी पोत, पाटल्या, सगळं लोखंडी पेटीत आहे, आणि पेटीची किल्ली तिच्या कमरेला आहे, मी दिली, पोटच्या पोराला नाही दिली. डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तिने मला भरवलं, माझी वेणी घातली, आणि एकदाही बोलून दाखवलं नाही. लिही हे. बोलून गेले आणि मग ध्यानात आलं. आत आणखी चार खाकीवाले बसलेले, सगळे ऐकत होते, आणि मी एवढं चांगलं बोलून बसले. तिथल्या तिथे कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. पोलिसाचा हात थांबला. म्हणाला, आमची बा, म्हणजे आजी, पण असंच करायची. माझ्या बापाचं नाव तिने कचरो ठेवलं होतं. मी म्हटलं, मग एवढं ठाऊक होतं तर आधी तसं का लिहिलंस? तो म्हणाला, माजी, तुम्ही बोललात तेच लिहिणार ना मी. आता त्याचं बरोबर की माझं, मला अजून उमगलेलं नाही.

परवाना आला. होस्टेलचं कामही झालं. तो बघा भिंतीवर, काचेत लावलाय. कोपऱ्यात काळं दिसतंय तो डाग नाही, काजळ आहे, मी लावलंय. आधी ती पुसून टाकायची, आता राहू देते. नळावर विचारतात, सुनेला परवाना मिळाला म्हणे? मी सांगते, कसला परवाना, वायरी ओढते लोकांच्या. तुम्हीही लिहा तुमचं, पण सून बरी आहे असं काही लिहू नका.

आज कडोदऱ्याला मोठ्या कारखान्यात काम आहे तिचं. तुम्ही आलात तेव्हा शिडी टेम्पोत चढवत होती, ऐकलंच तुम्ही, तिथूनच ओरडून काय म्हणाली ती. आत्या, आज काम मोठं आहे, जरा जास्त बोला.

मी म्हटलं, जा, काळं कर तोंड.