आवडाबाईचं निवट्यांचं कालवण

...नाही, मी म्हणतो, गेलेल्या माणसांची आठवण काढावी, फोटोला हार घालावा, पण आमच्या कोपर गावात आजीआजोबा म्हटलं की लोकांना एकच आठवतं, निवट्यांचं कालवण! "पंढरी, काय ती आवडाबाई, काय तिचा हात, आणि गुणाजीबाबा कसा बोटं चाटायचा रे!" तुम्हाला सांगतो, बोलायची सोय नाही!

आजी माझी आगरात मीठ ओढणारी बाई. खाडीच्या चिखलात हात घालून निवट्या, चिखलातले ते बुळबुळीत मासे, स्वतः धरायची, चुलीतल्या राखेत घोळवून साफ करायची, आणि मसाला टाकायची वेळ आली की "चला, निंगा भायेर!" सुना बाहेर, मांजर बाहेर! कृती कोणाला सांगेल तर शपथ. मग आजोबांच्या पुढ्यात ताट, आणि ही डोक्यावर उभी, हातात पळी. "कसा झालाय?" आजोबा म्हणायचे, "झकास!" दुसरं काय म्हणतील?

तर देश स्वतंत्र झाला, त्याच्या पुढच्या पावसाळ्यात आजी गेली. कृती घेऊन गेली! आजोबांचं खाणं सांभाळायचं कोणी? माझ्या बायकोनं. शालू नवीनच आलेली, बिचारीला वाटलं, म्हाताऱ्याला आजीचं कालवण करून घालावं. केलं. आजोबांनी घास घेतला आणि... थू! अंगणात! "गटार हाय गटार!" दुसऱ्यांदा चिंच वाढवली. थू! शालू माझ्याकडे बघायची, आणि मी? मी ताटाकडे. आजोबांना काय बोलणार, सांगा? बोलायची सोय नाही!

पण शालूही जिद्दीची. माजिवड्याला आजीची बहीण मनुबाई राहायची, तिच्याकडे गेली, तिचे पाय चेपले, तेल लावलं, आणि आणली की हो कृती! लसूण काळा होईस्तो जाळायचा आणि वर मूठभर आंबोशी, आंबट ढाण! रविवारी केलं. मी घास घेतला आणि अहो, डोळ्यांत पाणी! आजीच पुढ्यात बसल्यासारखी! आणि आजोबा? थू!! या वेळी ताटसुद्धा गेलं अंगणात, शालूच्या पायावर रस्सा सांडला.

शालू रडायलाच लागली. "आजोबा, आता माझं काय चुकलं?"

आजोबा म्हणाले, "तुजा काय नाय चुकला गो. तसाच झालाय. म्हनून तर थुकलो."

म्हणजे?!

"लगीन झाल्यावर एकदा म्हटला, थोडा आंबट हाय. तिनी आख्खी हंडी अंगनात ओतली, आनी शिमग्यापर्यंत बोलली नाय. तवापासून गिळतोय. देश सुटला, मंग मी पन सुटलो... मना पेज दे गो. पेज आनी भाजलेला सुका बोंबील."

मला वाटलं, आता शालूला दया येईल. तिनं डोळे पुसले, अंगण धुतलं, निमूट पेज दिली. पुढच्या रविवारी गावातल्या चार बायका बोलावल्या आणि सगळ्यांच्या देखत आजोबांपुढे कालवण! "आजोबांना आजीची फार आठवण येते ना, म्हणून मुद्दाम केलंय. खा ना आजोबा, पोटभर खा." आता बायका पदरानं डोळे टिपतायत, म्हातारा थुंकणार कुठे? गिळलं! त्यानंतर दर रविवारी पाहुणे, दर रविवारी कालवण. आजोबा माझ्याकडे बघायचे, सोडव रे म्हणून. आणि मी? ताटाकडे! बायकोला काय बोलणार? बोलायची सोय नाही!

दोनेक वर्षं काढली त्यांनी तशी. गेले तेव्हा गाव म्हणालं, नातसुनेनं म्हाताऱ्याची जीभ शेवटपर्यंत जपली.

त्यांचं दिवसकार्य पार पडलं आणि शालूनं माझ्यापुढे ताट ठेवलं. तेच कालवण. म्हणाली, "खरं सांगा हं. आवडतं?"

आता मला ते खरंच आवडतं हो! आईशप्पथ! मी म्हटलं, "अगं, जीव आहे माझा त्याच्यावर!"

"आजोबाही आजीला असंच सांगायचे," म्हणाली, आणि ताट उचललं.

तेव्हापासून रविवारी अख्खं कोपर आमच्या ओटीवर भुरके मारतं, आणि मी आपला आत बसून पेज पितो.