रस्त्यापलीकडचा कोड

अप्पा : जावईबापू, दोन माणसांत अंतर पाडणे हे पाप खरे, परंतु तेच कार्यालयीन वेळेत, नकाशावर पट्टी ठेवून पाडले, तर त्यास सेवा म्हणतात. टेलिफोन खात्यात बसून आपण सेवा केलीत. रस्त्यापलीकडून दादाचा रोजचा फोन आज आलेला नाही.

जावई : अप्पा, पलीकडची घरं दुसऱ्या एक्स्चेंजवर आहेत, म्हणून नव्या कोडची रेघ रस्त्यावरून गेली. एक्स्चेंज अर्धं कापता येत नाही.

अप्पा : बरोबर. भाऊ कापणे त्यामानाने सोपे.

लेक : अप्पा, नका ना ह्यांना टोचू.

अप्पा : टोचत नाही गं, ज्ञान मिळवतो आहे. मुळात नवा कोड हवा कशाला होता?

जावई : नंबर संपले. एका कोडखाली ठरावीकच बसतात. वस्ती वाढली की नवं एक्स्चेंज, आणि प्रत्येकाला नंबरांचा अख्खा गठ्ठा द्यायचा, निम्मे पडून राहिले तरी. मग भागाचे दोन तुकडे करून एकाला नवा कोड.

अप्पा : संख्या अनंत आहेत असे मी जन्मभर वर्गात सांगत आलो. त्या आपल्या कचेरीत संपल्याचे कोणी कळवले नाही.

लेक : दुसरा मार्गच नव्हता?

जावई : होता. जुन्यांना जुना कोड, त्याच भागातल्या नव्या फोनना नवा. पण मग शेजारी फोन करायचा तरी सगळ्यांनाच नंबर कोडसकट फिरवावा लागतो. साहेब म्हणाले, लोक कटकट करतील.

अप्पा : आता मात्र लोक स्तोत्रे गात आहेत.

जावई : पण मोठे काका एक रिंग देऊन ठेवून देतात. तुम्ही उचलतही नाही. त्यात एवढं काय?

लेक : काका एकटे राहतात. ती रिंग म्हणजे, आहे मी अजून. आजी गेल्यावर भांडण झालं, तेव्हापासून दोघांत एवढंच उरलंय.

जावई : अगं, नवा कोड आल्यावरही इतके महिने कोडशिवाय फोन लागत होता. सवलत काल संपली. आता रेकॉर्ड वाजते, कोड लावा म्हणून. घरोघर पत्रकं वाटली होती.

अप्पा : दादाला आता अक्षर दिसत नाही, तो बोटांच्या सवयीने फिरवतो. पत्रक बोटांनी वाचण्याची सोय आपल्या खात्याने केली असेलच.

जावई : मग तुम्ही लावा ना! आधी कोड, मग नंबर.

अप्पा : आणि धाकट्याने थोरल्यास काय विचारावे? जिवंत आहेस काय?

लेक : अप्पा, इकडे या. काका खिडकीत आहेत. रिसीव्हर कानाला. ठेवला... परत फिरवतायत.

अप्पा : पुन्हा?

लेक : मघापासून तेच चाललंय.

अप्पा : जावईबापू, रस्त्याच्या या बाजूचा कोड सांगा. कागद नको, तोंडी. त्याच्याकडून पाठ करून घ्यावा लागेल.

जावई : तुम्ही स्वतः जाताय?

अप्पा : परगावी निघालो आहे. जेवायला थांबू नका.

(अप्पा जातात. थोड्या वेळाने, उघड्या खिडकीशी दोघे.)

जावई : काय चाललंय?

लेक : काका ओरडतायत, इतक्या वर्षांनी आलास तो पाठांतर घ्यायला? अप्पा म्हणतायत, चुकलं, पुन्हा म्हण.

जावई : म्हणजे भांडतायत!

लेक : भांडू देत. उदंड आयुष्य दे रे देवा दोघांना, आणि आवाजही असेच राहू देत.