वधूकक्षातलं बी.पी.

—नाही हो मॅडम, माझं बी.पी. दीडशे-शंभर असूच शकत नाही, म्हणजे असेलही, असलं तरी माझी काही हरकत नाही, तुम्ही सरळ 'अनफिट' लिहून टाका, मी अजिबात भांडणार नाही — भांडायलाच आलेय म्हणा जळगावहून, पण तुमच्याशी नाही. काय? दहा मिनिटं बसून परत बघायचं? कशाला उगीच, बाहेर एवढ्या मुली थांबल्यात… बसते, बसते. गप्प बसू? मॅडम, तेवढं एक सोडून काहीही सांगा. ही खुर्ची नवरीचीच ना? दारावर 'वधूकक्ष' तसंच आहे, आरशाला टिकल्या चिकटल्यात — सात आहेत, मघाशी मोजल्या — आणि खाली स्टेजवर, जिथे नवरा-नवरी बसतात, तिथे जाळीचा पिंजरा. मम्मीला फोटो पाठवला तर म्हणते, हॉल छान आहे गं, कितीला पडतो विचारून ठेव. मी धुळ्याला पिंजऱ्यातल्या कुस्ती-बुक्कीची फायनल खेळायला आलेय आणि ती तिकडे जळगावात तिसऱ्या मजल्यावर बसून माझं लग्न — आई गं!! काय पडलं? ट्रे? तुमचाच ट्रे होय. सॉरी. घाबरवलं ना तुम्हाला? मी अशीच दचकते. कुकरची शिट्टी, दाराची बेल, वर्गात माझंच नाव घेतलं तरी.

यावरूनच तर सगळं सुरू झालं. कॉलेजच्या ग्राउंडवर मी भेळ खात उभी — बिनकांद्याची, आम्ही जैन ना — आणि मागून क्रिकेटचा बॉल आला, चांगला सणसणीत, मी न बघता खाली बसले, बॉल डोक्यावरून गेला, भेळेतला एक कुरमुरा सांडला नाही. तिथे मुलांना कुस्ती शिकवायला हिलाल सर होते, ते चालत आले, माझ्या मागे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "पोरी, तुना पाठले डोया शेतस का?" पाठीला डोळे आहेत का म्हणे! मी परत दचकले. ते खूश. आठ दिवसांत मी त्यांच्या जिममध्ये होते आणि आठ दिवस मला कुणाची बुक्की लागली नाही, मुलांची पण नाही, सगळे म्हणायला लागले, नॅचरल आहे, नॅचरल आहे. आता नॅचरल म्हणजे काय हो मॅडम? नॅचरल तर खोकला पण असतो. पण ऐकायला बरं वाटतं ना? मला घरात कुणी कधी काही म्हटलं नव्हतं, 'दार लावून घे' सोडून. सर तेव्हाच म्हणाले होते, "देवनी बठ्ठं दिधं, दम मातर तुले कमावना पडी." मी पहिलं अर्धं ऐकलं. देवाने सगळं दिलं. झालं, विषय संपला, दम कमवायला बाकीचे आहेत की!

पप्पांना वाटतं सेल्फ-डिफेन्सचा क्लास आहे. मम्मीला माहीत आहे, तिची अट एकच, मार खायचा नाही आणि कुणाला मारायचं पण नाही. मी म्हटलं, मग पिंजऱ्यात जाऊन करू काय? म्हणे, चुकवत राहा. आणि सूर्यास्ताच्या आत जेवून घे. आणि मॅडम, मी दोन वर्षं अगदी तेच केलं! चुकवत राहिले, वेळेवर जेवत राहिले. पळायला सांगितलं की माझं पोट दुखायचं, दोरीवरच्या उड्या म्हटलं की प्रोजेक्ट आठवायचा. नॅचरल माणसाला घाम कशाला? बरं दिसतं का ते?

आणि ती मिसबाह. आज माझ्यासमोर जी आहे ती, तुमच्या धुळ्याचीच. मघाशी हिरवा टी-शर्ट घालून येऊन गेली असेल तुमच्याकडे — तीच. तिचं बी.पी. काय होतं? सांगू नका, माहितीये, एकशेवीस-ऐंशी, एक पॉइंट इकडेतिकडे नसेल. तिच्यात काही म्हणजे काही नॅचरल नाही. तिची बुक्की पोस्टाने येते. ती निघाली की मला कळतं, मी तोवर केस बांधून घेऊ शकते. पण दर रविवारी लळिंगचा किल्ला चढते, तोही धाकट्या बहिणीला पाठीवर घेऊन. बहीण लहान नाही हो, आठवीत आहे! वरून म्हणे शेंगदाणे खात बसलेली असते. कोण करतं असलं? मी जानेवारीत याच पिंजऱ्यात पहिल्या राऊंडला तिला असं नाचवलं, असं नाचवलं, लोक हसत होते, मी लोकांना हात केला मॅडम, मध्येच, लढता लढता. आणि दुसऱ्या राऊंडला पाय गेले. गेले म्हणजे होते खाली, पण माझे नव्हते. छातीत कुणीतरी लोखंडी कपाट ढकलत होतं. आणि ती आली, तशीच, आपली हळूहळू, बिल भरायला रांगेत उभी असल्यासारखी… तिने गळा आवळला, मी टॅप केलं, म्हणजे हाताने थोपटून हार मानली. झालं. गळा आवळल्यावर कुणीही करतं. नियमच आहे तो.

मग सरांनी धरलं मला. तीन महिने, मेहरूण तलावाचा काठ, पहाटे पावणेसहा. मी अर्ध्यातूनच घरी जायचं ठरवलेलं असायचं रोज. पण त्या वळणावर कुत्री असतात मॅडम, सहा, त्यातलं एक कानतुटकं, आणि मी दचकते, मी दचकले की ती भुंकतात, ती भुंकली की मी — मी पळाले नाही कधी, मला पळवलंय. रोज पूर्ण फेरी. मग दोन. मागच्या महिन्यात कळलं की त्या वळणावर बिस्किटं कोण टाकायचं! सर! पारले-जीचा पुडा खिशात घेऊन येतो हा माणूस! मी विचारलं तर म्हणाले, कुत्र्यांना पण डाएट लागतो. म्हणून सांगते, माझी काही मेहनत-बिहनत नाही, माझ्या अंगात दम कुठून येणार, भीतीने पळालेलं धरतात का त्यात?

हात कशाला? नाडी? बघा. …किती? अठ्ठ्याहत्तर? शक्यच नाही. मघाशी एकशे चौतीस लिहिलंत ना तुम्ही? चार-पाच मिनिटंच झाली असतील. हा कुठला फॉर्म? जानेवारीचा? तेव्हा पण तुम्हीच होतात? 'बसून एकशे चार.' माझं? नुसतं बसून? पण मॅडम, हे बरोबर नाही, परत मोजा, मी आत्ता चार वेळा जिना चढून आले, खालपासून वरपर्यंत, पळत, आणि दोन कप काळी कॉफी प्यायले, एवढ्यात उतरेलच कशी —

…

हो. मुद्दाम.

असं बघू नका ना. सकाळी वजन करताना ती माझ्या मागे उभी होती. मिसबाह. एवढ्या हळू म्हणाली की मी दचकले पण नाही. "अबकी बार रुकना, हाँ?" एवढंच. रागाने पण नाही, बसमध्ये जागा धर म्हणतात तसं. थांब म्हणे या वेळी. कारण… मॅडम, जानेवारीत तिने गळा आवळला नव्हता. तिचा हात यायचा होता. पोस्टाने येत होता तो, सांगितलं ना. मी आधीच टॅप केलं. तिचा हात माझ्या खांद्यापर्यंत पण पोचला नव्हता, मी थोपटून मोकळी, आणि मग घाईघाईने तिचा हात माझ्या मानेवर आला, रेफरी तिच्या पाठीमागे होता, त्याला वाटलं आवळलाच. सरांना पण मी तेच सांगितलं. तीन दिवस गळ्याला मफलर गुंडाळून फिरले मी, जळगावात! फक्त तिला माहीत आहे. आणि तिने कुणाला सांगितलं नाही. तिच्या बहिणीला पण नाही, बहीण मला मघाशी शेंगदाणे देत होती.

तुम्ही अनफिट लिहिलंत तर कसं छान होईल बघा. सगळे म्हणतील, अरेरे, नॅचरल होती, बी.पी.ने घात केला, नाहीतर जिंकलीच असती. मी पण म्हणेन. पोरंबाळं झाल्यावर पण म्हणेन. आणि फिट लिहिलंत तर आज साडेचारला कळेलच ना — दुसऱ्या राऊंडला ते कपाट परत येतं का नाही. नाही आलं आणि तरी मी टॅप केलं तर? मग काय सांगायचं? तेव्हा दम नव्हता, ते एक बरं होतं.

गुंडाळा पट्टा. नाही बोलत.

…

एकशे सव्वीस-ब्याऐंशी. वाचलं मी, उलटं वाचता येतं मला. बसतंय ना नियमात? तुम्ही लिहीत का नाही? माझ्याकडे काय बघताय, डॉक्टर तुम्ही आहात! …म्हणजे तुम्ही मला विचारताय?

लिहा. फिट लिहा. लवकर लिहा मॅडम, नाहीतर मी परत बोलायला लागेन. आणि तिथे काय छापलंय, 'लागू नसेल ते खोडा', ते पण खोडा, 'अनफिट'वर रेघ मारा. अशी नाही, जाड. बाहेर गेल्यावर कुणी शंका काढायला नको. कुणी म्हणजे मीच. अजून एक मारा.

अजून. वाचता येतंय.