डोळ्यांत तेल घालून

डॉक्टर : धुऊन झालं. आता हळूच उघडा. किती बोटं?

भाची : दोन. मागे आत्या उभी आहे. तोंड पाडून.

आत्या : जीव टांगणीला लागला होता माझा.

डॉक्टर : घातलं काय होतं डोळ्यांत?

आत्या : एरंडेल. दोनच थेंब. ही दिवसभर स्क्रीनला नाक लावून लोकांच्या लग्नांचे व्हिडिओ कापत बसते. डोळे लालभडक झाले होते. आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या एरंडेलच घालतात.

भाची : एरंडेल कसलं, गुडघ्यांचं तेल होतं ते. पापण्यांची सांधेदुखी गेली असेल माझी.

डॉक्टर : यापुढे कुठलंच तेल नको. स्क्रीनकडे बघताना पापणी मिटायची राहून जाते, डोळे कोरडे पडतात. मधूनमधून मान वर करा, लांब बघा, पापण्या मिचकवा.

भाची : पापण्या कशा मिचकवायच्या हे शिकायला दवाखाना गाठला मी.

डॉक्टर : ती बाटली आणलीय?

भाची : ही घ्या. पुरावा.

डॉक्टर : बाई, यावर काय लिहिलंय वाचता?

आत्या : चष्मा घरी राहिला.

भाची : डोक्यावर आहे.

आत्या : अक्षरं बारीक छापतात मेले.

डॉक्टर : चित्र मोठं आहे की. कशाचं आहे?

आत्या : एरंडाचं पान.

भाची : आत्या, गुडघा आहे तो.

(डॉक्टर बाटली ठेवून आत्याकडे वळतात.)

डॉक्टर : धूसर कधीपासून दिसतंय?

आत्या : झालं असेल वर्षभर.

भाची : आणि मघाशी मला स्कूटरवर मागे बसवून इथं आणलंस? मी डोळे मिटून बसले होते गं.

आत्या : मग, मीही जवळजवळ तशीच होते. रस्ता पाठ आहे मला.

भाची : देवा. सांगायला काय झालं होतं?

आत्या : आत्ता कुठे तुझं बस्तान बसतंय. तू सगळं टाकून माझ्यामागे धावली असतीस.

डॉक्टर : बसा इथं, हनुवटी टेकवा. हं. मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत. ऑपरेशन करून टाकू. आणि स्कूटरची किल्ली आत्ताच भाचीकडे द्या.

आत्या : हिच्याकडे? हिला अजून नीट दिसत नाही.

भाची : आपण रिक्षाने जाऊ.

आत्या : डॉक्टर, नंतर लख्ख दिसेल ना मला?

डॉक्टर : दिसेल. का हो?

आत्या : हिला एकदा नीट बघायचंय. सगळे म्हणतात, वाळलीय म्हणून.