कोमट पाण्यातली बाटली

औषधांच्या दुकानासमोरच्या रांगेत माझ्यापुढे दोघी शेजारणी बोलत होत्या.

“सासऱ्यांना दवाखान्यात ठेवलंय ना गं?”

“नाही काकू, घरीच उपचार झाले. नर्सताई रोज यायची. मुठीत मावेल एवढं सोनोग्राफीचं यंत्र छातीवर फिरवायची. फुप्फुसात पाणी किती उरलंय ते डॉक्टरांना मोबाइलवर दिसायचं, तसं ते इंजेक्शन ठरवायचे. देवासारखी धावून आली बघा.”

“आणि सासूबाई? त्या दोघांचा तर अबोला ना?”

“सहा वर्षांचा! ‘तुझ्या सासऱ्यांना सांग’ करत सगळे निरोप माझ्यामार्फत. पण पहिल्या दिवशी यंत्र फिरवण्याआधी छातीला लावायचं ते गार जेल लागलं आणि बाबा केवढ्यानं दचकले! दुसऱ्या दिवसापासून ताई यायच्या आधीच आई जेलची बाटली कोमट पाण्यात ठेवून तयार.”

“काय सांगतेस!”

“काल ताई म्हणाली, पाणी उतरलं, आता मी येणार नाही. तरी आज आईंनी बाटली पाण्यात ठेवलीच. बाबा म्हणाले, ‘अगं, आज कुणी येणार नाही. बस जरा इथं.’”

“मग?”

“बसल्या की! मी निघाले तरी बोलणं चालूच होतं. सहा वर्षांत आज पहिल्यांदा मला कुणाचा निरोप पोचवायचा नाही.”