जयवंताला ऐकू येणारी शिट्टी

चंपतराव : ...तिसऱ्यांदा उघडला हा सेट, सुनबाई. एका महिन्यात तिसऱ्यांदा. अन् तिसऱ्यांदा सांगून राहिलो, याच्यात काही बिघाड नाही.

जयवंता : तरी शिट्टी वाजून राहिली, काकाजी. आता, या घडीले वाजून राहिली.

चंपतराव : रेकॉर्ड बंद हाय. आवाजाचं बटन पूर्ण खाली. इस्पीकरले कान लावून पाह्यला मी. चिडीचूप.

रुपराव : काय म्हणून राहिली हे?

जयवंता : शिट्टी वाजते म्हणते!

रुपराव : मंग मोठ्यानं बोल ना. काकाजी, बंद करा तो सेट. रातपाळी करून आलो, अजून डोळ्याले डोळा लागला नाही. नंदनवनापासून इतवारीत तुमच्या दुकानापर्यंत हे धूड मांडीवर घेऊन आलो रिक्षात. आता पुरे झालं.

चंपतराव : बस गा रुपराव. पाणी पे. तुह्या बापासाठी बनवला हा अँप्लिफायर मी, एकसष्टात. देवाजी म्हणे, चंपत, असा बनव का घरात रेकॉर्ड लावली तर सारी गल्ली उठून बसली पाह्यजे. अठरा वर्षं चालला. मागच्या महिन्यात ट्रान्सफॉर्मर जळला, तर याच हातानं नवी तार गुंडाळली. एक एक फेरा मोजून. अन् हे म्हणते शिट्टी.

जयवंता : तुमच्या हाताले नाव नाही ठेवत मी. पण तवापासूनच वाजून राहिली. जळायच्या आधी नव्हती.

चंपतराव : कशी वाजते? घूं घूं करते?

जयवंता : घूं घूं नाही. बारीक हाय. एकदम बारीक, सुईवानी. रेकॉर्ड लावली का गाण्याच्या मांगं लपते. गाणं थांबलं का पुन्हा तीच. काकाजी, ते काट्याचं मीटर लावून पाह्यलं का तुम्ही?

चंपतराव : मीटर? तीस वर्षं झाले दुकानाले, मी सेट कानानं पास करतो. मीटर कालच्या पोट्ट्यायले लागते. माझं तिथं फळीवर धूळ खाऊन राहिलं.

रुपराव : ऐकलं? घरी मी सांगतो, नाही वाजत. माय सांगते, नाही वाजत. आता ज्यानं बनवला तो कारागीर सांगते, नाही वाजत. आणखीन कोणाले विचारायचं राह्यलं?

जयवंता : तुम्ही चौदा वर्षं मिलमध्ये मागाच्या खडखडाटात उभे राहता. मी चुलीजवळून तीन हाका मारते, तवा एकदा वळून पाहता. अन् माय सत्तरीच्या झाल्या. तुम्हा दोघायले येत नाही म्हणून शिट्टीच नाही, हे कसं?

रुपराव : मागाचा काय संबंध इथं?

जयवंता : गुड्डीले येते ऐकू. चार वर्षांचं लेकरू ते, सेट चालू केला का कानावर हात ठेवते.

रुपराव : तुहं पाहून करते. माय तेच म्हणे, लेकराले बी येडं करून ठेवलं हिनं.

चंपतराव : येडं काय म्हणून राहिला गा? चांगली शहाणी सून हाय.

रुपराव : तुमच्यापासून काय लपवायचं काकाजी. माय म्हणते, आवाज सेटमध्ये नाही, हिच्या डोक्यात येते. जेवता जेवता उठते, सेटजवळ जाऊन बसते. शेजारची कांताबाई पाहून गेली, तिनं साऱ्या गल्लीत सांगतलं. म्हणून उद्या सकाळच्या गाडीनं हिले मौद्याले नेऊन देतो, तिच्या भावाजवळ. आराम पडेपर्यंत हे राहीन तिथं. पोरगी मायजवळ राहीन.

जयवंता : पोरगी माझी हाय.

रुपराव : कायमचं थोडी म्हटलं मी? आराम पडेपर्यंत.

जयवंता : अन् आराम पडला, हे कोण ठरवीन? मी ज्या दिवशी म्हणीन शिट्टी वाजत नाही, त्या दिवशी आराम पडला, असंच ना? मंग आजच म्हणते. घ्या. नाही वाजत. माझंच चुकलं. काकाजी, तुम्ही साक्षी. पोरगी राहू द्या माझ्याजवळ, मी पुन्हा शिट्टीचं नाव काढणार नाही.

चंपतराव : असं नको बोलू वं.

जयवंता : थकली मी, काकाजी. ऐकू येते तेवढं खोटं ठरवता ठरवता थकली.

चंपतराव : रडू नको. इकडं ये. त्या भिंतीकडं तोंड कर अन् उभी राह्य. रुपराव, तू इकडं नीट पाय. ह्या इस्पीकरच्या दोन तारा. यायच्यावर मी हा स्क्रू पिळायचा पेचकस आडवा ठेवला का इस्पीकर मुका होते. उचलला का चालू. टिक नाही, टाक नाही. सुनबाई, मांगं पाहू नको. फक्त सांगत जा, हाय का नाही.

रुपराव : असं केल्यानं सेट जळन ना पुन्हा?

चंपतराव : व्हॉल्वच्या सेटले काही होत नाही त्यानं. तू फक्त पाय.

(जयवंता भिंतीकडे तोंड करून उभी राहते. चंपतराव पेचकस तारांवर टेकवतो, उचलतो.)

जयवंता : हाय... हाय... गेली.

चंपतराव : हं.

जयवंता : अजून नाही... आली. हाय. गेली. आली, लगेच गेली.

रुपराव : बरोबर सांगून राहिली का काकाजी?

चंपतराव : चूप राह्य.

जयवंता : आली. हाय. हाय. गेली.

रुपराव : द्या तो पेचकस. मी करतो. तुमचा हात तिले समजत असन.

चंपतराव : भिंतीतून समजते का हात? घे. कर.

जयवंता : हाय... हाय... गेली. आता नाही. अजून नाही. अहो, किती वेळ ठेवता? ...आली. गेली. आली.

रुपराव : अंदाजानं सांगत असन.

चंपतराव : अंदाजानं दोन-चार बरोबर येतात गा. मी मोजून राहिलो होतो. माझ्या हातानं तेरा, तुह्या हातानं आठ. एक बी चुकली नाही. ते मीटर दे फळीवरचं. फूक मार अगोदर.

रुपराव : हे घ्या.

चंपतराव : हे पाय, इस्पीकरच्या तारांवर लावलं. रेकॉर्ड बंद, बटन खाली. काटा शून्यावर पडून राह्यला पाह्यजे.

रुपराव : वर गेला.

चंपतराव : वर गेला. अन् तिथंच उभा हाय.

रुपराव : म्हणजे काय समजायचं?

चंपतराव : म्हणजे आवाज हाय. थोडाथोडका नाही, भरपूर हाय. मले ऐकू येत नाही.

रुपराव : काय?

चंपतराव : मले ऐकू येत नाही म्हटलं!

जयवंता : वळू का आता?

चंपतराव : वळ बाई. बस त्या स्टुलावर. तुह्यापाशी बोलायले तोंड नाही मले. ट्रान्सफॉर्मर जळला तवा त्याच्याजवळचा एक इत्तुसा कंडेन्सर बी जळला होता. सेटनं अशी शिट्टी मारू नये म्हणूनच राहते तो. त्या दिवशी बाजारात तसा भेटला नाही. म्हटलं, याच्याबिना चालवून पाहू. शिट्टी आलीच तर आपल्या कानाले समजनच. नाही समजलं, तर देल्ला पास करून.

जयवंता : तीनदा.

चंपतराव : तीनदा. मागच्या खेपेले रुपराव एकटा आला होता सेट घेऊन. त्याले मी हसून म्हटलं, सेट बरोबर हाय गा, बायकोचे कान तपास.

जयवंता : असं म्हणले होते का हे?

रुपराव : म्हणले होते. मी मायले जाऊन सांगतलं. मौद्याचं तिथूनच निघालं.

जयवंता : बरं.

रुपराव : मले वाटलं, कारागीर म्हणते तर खरं असन.

जयवंता : वाटलंच असन. मी कोण, चुलीजवळची.

चंपतराव : मले शिव्या दे, सुनबाई. त्याले नको देऊ. त्याचे कान मागानं गेले, माझ्या कानाले तर मीच मोठं करून ठेवलं होतं. थांब, आता बसवतो कंडेन्सर. आज हाय माझ्याजवळ. रुपराव, तो टेबलावरचा लॅम्प इकडं सरकव. आणखीन. हं. सोल्डर झालं. लाव बटन. मी काट्याकडं पाहतो, जयवंता, तू कान दे.

जयवंता : अजून हाय. पण आणखीन बारीक झाली. वर गेली एकदम.

चंपतराव : काटा बी थोडा वरच हाय. म्हणजे हा कमी पडून राहिला. बंद कर. याच्यापेक्षा मोठा लावतो... हं. आता?

जयवंता : थांबा.

चंपतराव : थांबलो.

जयवंता : नाही. गेली.

चंपतराव : रेकॉर्ड लावून, बंद करून पाय.

जयवंता : नाही, काकाजी. गेली. पंख्याची घरघर फक्त ऐकू येते.

चंपतराव : काटा बी बसला खाली. पाय गा रुपराव, बसला. ...माझे कान कवा गेले, काय मालूम? दिवाळीपासूनच मी किती सेट पास केले असतीन? साऱ्यायच्या घरी जाऊन विचारा लागन आता. बाई, तुमच्या इथं कोणाले शिट्टी ऐकू येते का? अन् कोणी हो म्हटलं तर त्यायच्या घरच्यायले सांगा लागन, हे खरं बोलून राहिले म्हणून. मीटर झोळीत टाकून जाईन. दुकान एक-दोन दिवस बंद ठेवतो.

रुपराव : जयवंता.

जयवंता : काय?

रुपराव : उद्याची मौद्याची गाडी राहू दे.

जयवंता : मायले कोण सांगन?

रुपराव : मी सांगतो.

जयवंता : काय सांगान?

रुपराव : सेटच खराब होता म्हणून.

जयवंता : तेवढंच?

रुपराव : अन् तू बरोबर होती म्हणून. कांताबाईच्या दारात उभा राहून बी सांगतो.

जयवंता : तुम्ही कांताबाईचं राहू द्या. पोरगी माझ्याजवळ झोपन आज, एवढं पाहा.

रुपराव : झोपन. ...जयवंता, कसा होता वं तो आवाज? नीट सांग मले.

जयवंता : महिनाभर मी दुसरं काय करून राहिली होती? तवा विचारलं असतं तर हात धरून सेटजवळ बसवलं असतं. आता मले बी नाही येत ऐकू. उचला, रिक्षा पाहू.