इंग्लंडातली म्हातारी, मुक्काम मलकापूर

रंगूबाई : थांब, थांब. परत पयल्यापास्नं. मी इंग्लंडातली म्हातारी, दवाखान्यात पडलीया, आन् तू माझी नर्स. नाव काय ठेवतीस माझं?

नूरीन : मार्गारेट.

रंगूबाई : लय लांबडं हाय. मेरी ठेव. हं, सुरू. ए नर्स! आय ॲम नॅकर्ड!

नूरीन : आज्जी, आजारी बाई एवढ्या जोरात ओरडत नाही. शेजारचा कुत्रा भुंकायला लागला बघा.

रंगूबाई : भुंकू दे. तू सांग, मला काय झालंया?

नूरीन : दमलाय तुम्ही. पार गळून गेलाय.

रंगूबाई : आन् ह्या शब्दाचं मूळ काय म्हणालीस काल? मी इसरले.

नूरीन : तिकडं म्हातारी, कामातनं गेलेली घोडी विकत घेणारा माणूस असायचा. नॅकर म्हणायचे त्याला. त्याच्या दारात घोडं गेलं की संपलं. त्यावरनं नॅकर्ड.

रंगूबाई : अगं बया! मग मी न्हाई नॅकर्ड. खुब्याचं हाड मोडलं म्हणून कुणाच्याबी दारात बांधतीस व्हय मला? दुसरा दे.

नूरीन : कुशी.

रंगूबाई : ह्यो कसला आजार?

नूरीन : आजार नाही हो. आरामाची नोकरी असली की तिला कुशी म्हणतात. गोरे सोल्जर इथं होते ना, ते आपली 'खुशी' उचलून घेऊन गेले.

रंगूबाई : बघ की! माल आमच्या घरचा, आन् आता तुलाच शिकिवत्यात. माझं मालक जलमभर पलटणीत हुतं, त्यास्नी काय कुशी नोकरी गावली न्हाई बाई. का गं? तोंड का उतरलं?

नूरीन : तुम्हाला सगळं हसण्यावारी न्यायला जमतं. मला रडू येतंय.

रंगूबाई : काय झालं?

नूरीन : सोमवारी, इंग्लंडात माझी नोकरी ठरलीय त्या वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरांचा व्हिडिओ कॉल आला होता ना. पुस्तकातलं इंग्रजी मला येतं, परीक्षा पास झालेय मी. पण त्या असल्याच शब्दांत बोलल्या. निम्मं कळलंच नाही. मी आपली 'येस, येस' करत बसले. उद्या एखाद्या म्हातारीनं काही मागितलं आणि मी तिच्यापुढं अशीच 'येस' म्हणत उभी राहिले तर?

रंगूबाई : मग?

नूरीन : मग काय? संध्याकाळी कळवते त्यांना, येत नाही म्हणून. सांगलीला अम्मीला अजून सांगितलं नाही. ती भडंग भरून द्यायला डबे धुऊन बसलीय.

रंगूबाई : हे झालं निम्मं कारण. ऱ्हायलेलं निम्मं बोल.

नूरीन : नाही काही.

रंगूबाई : नूरे.

नूरीन : तुम्ही! माझा हात धरल्याशिवाय अजून बाथरूमपर्यंत जात नाही तुम्ही. तुमच्या सूनबाई, संयोगितावहिनी, दिवसभर शाळेत शिकवायला. मी गेल्यावर हाक कुणाला मारणार?

रंगूबाई : म्हंजे खापर माझ्यावर फोडतीस व्हय?

नूरीन : तसं नाही हो.

रंगूबाई : तसंच हाय. असू दे. खेळ अर्धा टाकायचा न्हाई. फुडचा सांग.

नूरीन : 'मी एक पेनी खर्च करून येते.'

रंगूबाई : पेनी म्हंजे पैसं न्हवं? बाजारला निघाली म्हातारी?

नूरीन : लघवीला निघाली. पूर्वी लंडनमध्ये सार्वजनिक संडासाच्या दाराच्या खाचेत पेनीचं नाणं टाकावं लागायचं, तेव्हा दार उघडायचं. बायका सरळ बोलायला लाजायच्या, म्हणून असं म्हणायला लागल्या. आता नाणं नाही, पण म्हाताऱ्या अजून तसंच म्हणतात.

रंगूबाई : आगं आई गं! गोऱ्या बायकाबी लाजत्यात व्हय? आमी सासऱ्याम्होरं म्हणायचो, 'वासराकडं बघून येते.' माझ्या धाकट्या जावंला दिस गेलं हुतं, ती सारखी वासराकडं पळायची. सासरं म्हणालं, ह्या सुनंला गुरांचा लय लळा हाय बरं का!

नूरीन : आज्जी, बस करा. पोट दुखायला लागलं माझं!

रंगूबाई : हास, हास. आन् आता आठवून सांग. तू आलीस त्या पयल्या दिशी मी तुला काय म्हणले?

नूरीन : 'पंखा बंद कर' म्हणालात.

रंगूबाई : आन् तू काय केलंस?

नूरीन : जयराजदादांना चहा सांगायच्या निमित्तानं बाहेर पाठवलं आणि तुम्हाला भांडं दिलं.

रंगूबाई : मी भांडं मागितलं हुतं?

नूरीन : नाही. पण ओठ आवळून पडला होतात. घाम आला होता. तोंडावर दिसत होतं की.

रंगूबाई : कंच्या पुस्तकात वाचलं हुतंस ते?

नूरीन : कुठल्याच नाही.

रंगूबाई : पोराच्या देखत कसं बोलायचं म्हणून मी पंख्याचं नाव काढलं. तुला न बोलता कळलं. तवाच मला वाटलं, ही पोरगी आपली हाय. आगं, त्या मेरीचं तोंडबी माझ्यासारखंच असणार. आन् न्हाईच कळलं तर 'येस' म्हणू नगंस. म्हण, आज्जी, परत सांगा. म्हाताऱ्या माणसाला परत सांगायला लय आवडतंय.

नूरीन : ते मला माहीत आहे. वासराची गोष्ट मी याआधी पण ऐकलीय.

रंगूबाई : आन् हसलीस की आजबी!

नूरीन : आज्जी, खरं सांगा. मी जावं असं वाटतं तुम्हाला?

रंगूबाई : न्हाई वाटत. खोटं कशाला बोलू? सकाळी तुझी चप्पल दारात वाजली की मी... काय गं तो शब्द, गाल फुगवून खूश हुत्यात त्यो?

नूरीन : चफ्ड.

रंगूबाई : त्येच. चफ्ड हुते मी. पर तुला धरून ठेवाय मी पांगळी ऱ्हाणार न्हाई. वॉकर आण हिकडं.

नूरीन : आणते. धरा माझा हात.

रंगूबाई : हात मागं घे. दोन्ही.

(रंगूबाई वॉकर धरून उठतात. नूरीन हात पाठीमागे बांधून उभी.)

नूरीन : सावकाश. पुढं उंबरा आहे.

रंगूबाई : माझ्याच घरातला उंबरा मला दावतीस व्हय?

नूरीन : आज्जी! अहो, चाललात की! एकट्या चाललात! पण निघालात कुठं?

रंगूबाई : एक पेनी खर्चून येते. तवर तुझ्या अम्मीला फोन लाव. भडंग भर म्हणावं.